मेल्लगाचे सर

सरांच्या तोंडात कायम काहीतरी असायचं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या निम्म्या लोकांची समजूत होती की तो मावा आहे. एक गाल किंचित फुगवून, शब्द जपून बाहेर सोडत ते बोलायचे आणि मधेच रुमालानं ओठ टिपायचे. खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मलाही तेच वाटलं. घरमालकच मावा खाणारा, म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यांचं काही खरं नाही, असं मनात म्हणत मी भिंती न्याहाळत होते. भिंती स्वच्छ होत्या. माझी नजर कुठं फिरतेय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि एक पातळ, पिवळसर पट्टी बाहेर काढून माझ्यासमोर धरली.

"सॅक्सोफोनची रीड आहे बाई. बोरूची असते. वाळली की चिरकते, म्हणून ओली ठेवावी लागते."

पट्टी परत गालात गेली.

"तुम्ही काय करता?"

"शाळेत संगीत शिकवते."

"जेवताना गाणं लावता का?"

माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. आमच्या घरी जेवताना बोलायचीसुद्धा पद्धत नव्हती, तर गाणं कुठलं लावणार? मी तसं सांगितलं. सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "शिकाल हळूहळू. सामान कधी आणताय?"

त्यांना सर का म्हणायचे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तिथून मुंबईला गेले, सॅक्सोफोन शिकले, आणि पुढची सगळी उमेदीची वर्षं त्यांनी परदेशी प्रवाशांच्या मोठमोठ्या जहाजांवर काढली. जहाजावरच्या जेवणाच्या दालनात संध्याकाळी वाजवायचं, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. जहाजावरची नोकरी सुटली तसे ते थोरल्या बहिणीकडं, सोलापूरच्या घरी परत आले. त्या बहिणीला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. घरात दोघं तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि अक्का चिडल्या की दोन्ही.

जहाजावर जे वाजवलं त्याला स्मूथ जॅझ म्हणतात. म्हणजे काय, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, "जॅझ म्हणजे भांडण. रंगलेलं, गोड भांडण, पण भांडणच. आणि स्मूथ जॅझ म्हणजे ते भांडण मिटल्यावर एका पंगतीला बसलेली माणसं." जॅझ जाणणारी माणसं या प्रकाराला नाकं मुरडतात, हे मला नंतर कळलं. सरांना ते आधीपासून माहीत होतं आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं. "मुरडू देत," ते म्हणायचे, "नाक मुरडताना आवाज होत नाही ना, मग झालं."

आवाज हा त्यांचा खरा विषय. सोलापुरात राहून हळू वाजणाऱ्या संगीताचा ध्यास घेणं म्हणजे काय, हे इथं एक लग्नसराई काढलेल्या माणसालाच समजेल. वरात गल्लीत शिरली की डीजेच्या भिंतीनं आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची. सर दारात जाऊन उभे राहायचे आणि हाताचा पंजा उपडा करून, हळू करा, हळू करा, असं खुणावायचे. कुणावर ओरडायचे नाहीत. नाचणाऱ्या पोरांना वाटायचं हा म्हाताऱ्यांचा काही खास डान्स आहे. तीही पंजे उपडे करून सरांच्या समोर नाचायला लागायची. एकदा तर नवऱ्या मुलाला घोड्यावरून उतरवून त्यांनी सरांच्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढले. सर फोटोत हसतायत, हात तसाच.

घराच्या तळमजल्यावर पूर्वी त्यांच्या वडिलांचे यंत्रमाग होते. माग कधीच विकले गेले. फरशीत ते जिथं पक्के बसवले होते तिथली भोकं तेवढी राहिली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सरांनी त्या खोलीच्या चारी भिंतींना जुन्या सोलापुरी चादरी ठोकल्या होत्या. मोर, कमळं, मोर, कमळं, छतापर्यंत. या खोलीत आमचा ग्रुप उभा राहिला. मी कीबोर्डवर. गिटारवर अस्लमभाई, त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की शटर अर्धं ओढून ते यायचे. आणि ढोलावर बिराप्पा.

बिराप्पा सांगोल्याकडचा धनगर. डेअरीचा दुधाचा टेम्पो घेऊन रोज सोलापुरात यायचा. सरांनी त्याला त्याच्या गावच्या जत्रेत ऐकलं होतं. धनगरांचा गजी नाच नाचणाऱ्यांच्या मधे उभा राहून तो असा ढोल वाजवत होता की समोरच्याच्या छातीत घुमावं. वाजवून थांबल्यावर सर त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, "हेच हळू वाजवता येईल का?"

"हळू?" बिराप्पा म्हणाला. "मंग द्येव जागा हुयाचा कसा?"

"देव जागाच असतो. मला माणसं जेवत असताना वाजवायचंय."

बिराप्पाला हा माणूस थट्टा करतोय असं वाटलं. पण सरांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पुढं बिराप्पाच मला म्हणाला, "म्या मनाशी म्हनलं, बगू तर खरं, ह्याला नक्की काय पायजेल हाय." ते बघायला तो आला आणि राहिला.

तो ढोल त्याच्या आज्याचा होता. तो जमिनीवर टेकवायचा नाही, घोंगडीवरच ठेवायचा. पहिल्या दिवशी सरांनी स्वतः जाऊन घोंगडी आणून अंथरली होती. आणि मग सर त्याला जगभरचे ठेके शिकवायला लागले. जहाजावर त्यांच्याबरोबर ब्राझीलचा एक, सेनेगलचा एक, क्युबाचा एक असे वादक होते. त्यांच्याकडून उचललेलं सगळं सरांनी सोलापुरी करून ठेवलं होतं. ब्राझीलचा ठेका सांगताना ते म्हणायचे, "मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्ता अनवाणी ओलांडतोय एक जण. धावायचं नाहीये त्याला, लाज वाटते. पण पाय तर भाजतायत." बिराप्पा क्षणभर डोळे मिटायचा आणि ढोलाच्या कडेला बोटांनी नेमकं तेच वाजवायचा. क्युबाच्या ठेक्याचं वर्णन आणखी सोपं होतं. "ओट्यावर दोन बायका शेंगा फोडतायत. एकीला घाई आहे, एकीला नाही. सूप मात्र एकच आहे." या दुसऱ्या ठेक्यात बिराप्पानं गजीच्या चालीचा एक तुकडा आपणहून घातला. सरांनी वाजवणं थांबवलं. आम्हाला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "सुपात आणखी कोण येऊन बसली? बसू दे, बसू दे."

ग्रुपचं नाव अक्कांमुळं पडलं. तालीम ऐन रंगात आली की अक्का जेवण घेऊन यायच्या. शेंगाची चटणी, कडक भाकरी, पालापाचोळ्यासारखा आवाज करणारे पापड, सगळं मुद्दाम वाजणारं. ती सरांचीच फर्माईश असायची. आमच्यातल्या दोघांनी खायचं आणि दोघांनी वाजवायचं. खाणाऱ्याच्या पापडाचा आवाज ऐकू आला नाही तर वाजवणारा चुकला. अक्का गरम आमटीचं पातेलं उंबऱ्यावरून आत आणताना स्वतःशीच म्हणायच्या, "मेल्लगा, मेल्लगा." तेलुगूत हळूहळू, सांभाळून. एके दिवशी अस्लमभाई म्हणाले, "सर, येच नाव रखो ना."

या नावानं मोडनिंबला आमची फजिती झाली. हायवेलगतच्या एका लॉनवर लग्नाचं रिसेप्शन होतं. अस्लमभाईंच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं आम्हाला बोलावलं होतं. आम्ही पोचलो तर स्टेजमागं भला मोठा फलक, आणि छापणाऱ्यानं त्यावर आमचं नाव घातलेलं, 'मेला गा'. नवरीच्या आजीनं ते वाचलं आणि लग्नघरात असलं अभद्र काय लावलंय म्हणून तिथल्या तिथं त्यावर एक लुगडं सोडायला लावलं. आम्ही बिननावाचे बसलो. सरांनी डोळे मिटून सुरुवात केली. लोक जेवत होते, बोलत होते, लहान मुलं खुर्च्यांमधून पळत होती. तीन गाणी झाली असतील, तेव्हा नवरीचे वडील घाम पुसत आमच्याकडं आले.

"सर, कवा चालू करताय? पाव्हनी वाट बघत्यात."

"चालूच आहे की," सर म्हणाले.

ते गृहस्थ मान कलती करून ऐकत राहिले. "व्हय की," ते ओशाळून म्हणाले, आणि गेले.

परतीच्या वाटेवर सर इतके खूश होते की टेम्पोत पुढं बसून त्यांनी ती गोष्ट आम्हालाच परत परत सांगितली. माणूस जेवणात एवढा रमला की गाणं चालू आहे हे त्याला कळलंही नाही, याहून मोठी पावती कुठली? शेवटी गाडी चालवता चालवता बिराप्पा म्हणाला, "सर, माज्या आज्याचा ढोल हाय. त्यो वाजल्याला कुनाला ठावंच न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून बिराप्पा यायचा बंद झाला. गावातही त्याला लोक बोलत होते, ढोल पांगळा केलास म्हणून. फोन उचलेना. मग सर रोज सकाळी डेअरीच्या फाटकापाशी जाऊन उभे राहायला लागले. बोलायचे नाहीत, बोलावायचे नाहीत, टेम्पो बाहेर पडला की मान हलवून घरी यायचे. काही दिवसांनी बिराप्पा ढोल खांद्यावर घेऊन हजर झाला. "रोज येऊन हुबं ऱ्हात्यात," तो मला म्हणाला, "लोक इचारत्यात, ही तुजं कोन? काय सांगू?"

पुण्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा आमचं सगळं जुळून आलेलं होतं. एका मोठ्या बागेत, रविवारी दुपारी, निरनिराळ्या देशांचं संगीत मिसळणारे ग्रुप वाजवणार होते, आणि लोक झाडाखालच्या टेबलांवर जेवत ऐकणार होते. सरांना दुसरं काय हवं होतं. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला.

आणि एका सकाळी चूळ भरताना पाणी त्यांच्या ओठांच्या एका कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा खाली ओघळलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, जिवाला धोका नाही, बरं होईल. पूर्ण होईल का? बहुतेक. कधी? ते सांगता येत नाही.

सॅक्सोफोन ओठांनी घट्ट धरावा लागतो. सर खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे आणि आतून फक्त हवेचा आवाज यायचा. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा. अक्का आणि मी जिन्यात बसलो होतो, तेव्हा त्या आपणहून बोलायला लागल्या.

"बाई, ह्या खोलीत माग चालायचे ना, आमचं बोलणंच व्हायचं नाही. सगळं हातानं. जेवायला ये, असं. पाणी दे, असं. आई दिवसभर मागावर. तिचे कान गेले ते आम्हाला कळलंच नाही, कारण तसंही कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. हा जहाजावरनं सुट्टीला आला, तोवर माग बंद पडलेले. घर एकदम शांत. ह्यानं आईच्या जवळ बसून वाजवलं. आईनं ह्याच्या गालावरनं हात फिरवला आणि खुणेनं विचारलं, वाजव की, थांबलास का?"

आत हवेचा आवाज थांबला. अक्का उठल्या आणि आमटी बघायला गेल्या.

मी सरांना म्हटलं, पुण्याला नकार कळवू. ते चेहरा झाकायला मास्क लावून बसले होते. आता घरातही लावायचे. "तुम्ही जायचं," ते म्हणाले. रीड तोंडात ठरत नव्हती, त्यामुळं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा गाल रिकामा होता आणि तरी शब्द घसरत होते. अस्लमभाईंनी सुचवलं, तुमची सुरावट मी गिटारवर घेतो. सर नको म्हणाले. "इस्त्री केल्यासारखी वाटते ती गिटारवर. माझी जागा मोकळी ठेवा. तुम्ही तुमचं वाजवा, मी ऐकू आलो नाही तरी लोक जेवतील."

पुण्यात ते आमच्याबरोबर आले. सगळ्यात मागच्या टेबलावर एकटे बसले, जेवण मागवलं आणि मास्क न काढता ताटाकडं बघत राहिले. चारचौघांत घास तोंडातून सांडतो, याची त्यांना धास्ती होती.

आम्ही सुरू केलं. सरांची जागा आली की मी हात हलका करायची, अस्लमभाई एखादीच तार छेडायचे आणि ढोल बोटांवर चालत राहायचा. लोक छान जेवत होते. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्या गाण्यात सरांची जागा लांबलचक आहे. तिथं आम्ही शिरलो आणि मला ते रिकामेपण सहन होईना. समोर चमचे वाजत होते, कुणी हसत होतं, आणि आमच्या मधोमध एक माणूस नव्हता.

बिराप्पानं मान वर केली आणि हाळी दिली.

मेंढरं लांब गेली की ती परतवायला माळावर जशी देतात, तशी. शब्द नाहीत, नुसता लांब सूर, पोटातून काढलेला, शेवटी वर चढणारा. ती सरांची सुरावट नव्हती, पण सरांच्या जागेत ती बरोबर बसली. बोटं सोडून त्यानं ढोल बडवायचं टिपरू उचललं होतं आणि आज्याचा ढोल त्याच्या खऱ्या आवाजात बोलत होता. एका बाईचा घास हातातच राहिला. वाढपी उभे राहिले. सबंध बाग गप्प झाली. मी मागच्या टेबलाकडं बघितलं. सर उठून चालले होते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्यांना शोधत गाड्यांपाशी गेलो. टाळ्या खूप झाल्या होत्या, पण आम्हा तिघांनाही त्या टाळ्यांचं काही वाटत नव्हतं. सर टेम्पोला टेकून उभे होते. बिराप्पा त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"सर, चुकलं माजं. तुमची जागा तशी मोकळी बगवंना."

"चुकलंच," सर म्हणाले. "लोकांनी जेवण थांबवलं."

मग सरांनी मास्क काढला. आमच्यासमोर पहिल्यांदाच. अर्धा चेहरा त्यांचा, अर्धा कुणा दमलेल्या माणसाचा.

"हा डोळा तर आजारानं सारखाच गळतोय," ते म्हणाले. "दुसरा पण लागला गळायला. म्हणून बाहेर आलो. नाहीतर उठलो नसतो." त्यांनी रुमालानं आधी एक, मग दुसरा डोळा पुसला. "तसा आवाज कुठून काढतोस रे?"

"मेंढरामागं फिरून यितो त्यो, सर."

चेहरा पुढं बराचसा सावरला. ओठांची पकड मात्र पहिल्यासारखी आली नाही. सर आता मोजके, लांब सूर तेवढे वाजवतात आणि बाकीचं आमच्यावर सोडतात. आमची तालीम अजून त्याच खोलीत होते आणि अजून पापड ऐकू यावाच लागतो. फक्त प्रत्येक गाण्यात एक जागा अशी ठेवलेली असते की जिथं बिराप्पाला काहीही करायची मुभा आहे. त्या जागेच्या आधी सर हातातलं ताट खाली ठेवतात.

गेल्या थंडीत एका सकाळी ते म्हणाले, मला बिराप्पाच्या माळावर जायचंय. आम्ही सगळे गेलो. त्यांना हाळी द्यायला शिकायची होती. सोलापुरातल्या एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला मोठ्यानं हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. गल्लीतल्या भाजीवाल्यालाही ते चालत जाऊन गाठायचे. बिराप्पानं दाखवलं, पोटावर हात ठेवून. "गळ्यातनं काढली तर मेंढरू मान बी वर करत न्हाय, सर."

सरांनी पहिल्यांदा दिली ती आम्हालाच जेमतेम ऐकू आली. दुसरी फाटली. अस्लमभाई हसू आवरायला पाठमोरे झाले. सरांनी चपला काढून ठेवल्या, पाय रोवले आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलं. ओठ एका बाजूला ओढला गेला, मानेच्या शिरा वर आल्या, आणि आवाज आला. ओबडधोबड, खूप मोठा. जवळची मेंढरं दचकून सरकली. पार पलीकडं, वस्तीसमोर, बिराप्पाची म्हातारी आई वाकून काहीतरी निवडत होती. ती ताठ झाली आणि कपाळावर हात धरून आमच्याकडं बघायला लागली.

"कोन हाय रं तितं?"

बिराप्पा उत्तर द्यायला पुढं झाला. सरांनी त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून आपलं नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, तेलुगू घराण्याचं नाव आधी लावून, पूर्ण.

"मंग उनात काय हुबा ऱ्हायलास?" म्हातारी तिकडून म्हणाली. "घराकडं ये की."

चप्पल तिथंच ठेवून, आमच्यापैकी कुणाचीही वाट न बघता, सर माळावरून चालायला लागले.